घरभाडे परवडते का? पगाराचे एक साधे गणित



या अंकात आम्ही गणिताचा एक पाठ घेणार आहोत. हा पाठ कोणत्याही इयत्तेच्या पुस्तकात नाही आणि परीक्षेत त्याला गुणही नाहीत. बेरीज, वजाबाकी आणि थोडी टक्केवारी एवढेच त्यात लागते. सातवीचा विद्यार्थीसुद्धा तो सोडवू शकेल. तरीही हे गणित चुकते, आणि मागील वर्षी ते आमचेच चुकले.

झाले असे की आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी पेढे घेऊन कार्यालयात आला. मूळचा तो सत्तरीतला. डिचोलीत मामाच्या घरी राहून आमच्याकडे दहावीपर्यंत शिकला. मोपा येथे विमानतळाच्या परिसरात त्याला नोकरी लागली होती. पाया पडला आणि म्हणाला, "सर, पगार वीस हजार आहे. धारगळला रूम बघितली, भाडं सहा हजार. पगाराच्या तीस टक्क्यांपर्यंत भाडं चालतं म्हणतात, म्हणजे बरोबर बसतं ना?" आम्ही मनातल्या मनात वीस हजाराचे तीस टक्के काढले. सहा हजार आले. आम्ही म्हणालो, "बरोबर आहे. खुशाल घे." पेढा खाल्ला आणि पुढच्या कामाला लागलो.

पाच महिन्यांनी त्याची आई शाळेत आली. मुलगा घरी पैसे पाठवीत नाही, फोन केला तर तुटक बोलतो, धाकट्या बहिणीच्या कॉलेजची फी भरायची राहिली आहे, त्याला काही वाईट सवय तर लागली नाही ना, सर तुम्ही जरा विचारा, असे तिचे म्हणणे. आम्ही त्याला बोलावून घेतले. सवय बिवय काही नव्हती. पोरगा सकाळचा नाश्ता सोडून राहिला होता आणि सोबतच्या कामगारांचे काही हजार त्याच्यावर उसने होते. आम्ही दिलेले उत्तर टक्केवारीच्या दृष्टीने अगदी बरोबर होते, आणि त्या उत्तरानेच तो अडचणीत आला होता.

त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून सर्व हिशेब पुन्हा मांडला. त्याच्या परवानगीने आणि नाव न सांगता तोच हिशेब येथे देत आहोत.

पण त्याआधी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील आपली बहुतेक मुले स्वतःच्या घरात वाढतात. घर जुने असेल, कौलारू असेल, भावाभावांत वाटणीचे असेल, पण आपले असते. पूर्वी भाटकाराच्या जमिनीवर राहणारे मुंडकार होते. त्यांनाही १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने राहत्या घरातून निघण्यापासून संरक्षण मिळाले, घराची जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला. त्यामुळे दर महिन्याच्या पाच तारखेला कुणाच्या तरी हातावर भाडे ठेवायचे, हा अनुभव आपल्या पुष्कळ घरांत आजी-आजोबांनाही नाही, आई-वडिलांनाही नाही. तांदूळ कसा पारखावा, गाय कशी पारखावी, हे घरात कुणीतरी सांगणारे असते. भाडे कसे पारखावे हे सांगणारे नसते. मग मूल पणजीला, वेर्ण्याला, पुण्याला नोकरीला जाते आणि मोबाईलवर ऐकलेला एखादा नियम धरून खोली घेते.

आमचे तसे नव्हते. आमचे बालपण इंदूरला गेले, तेथे भाड्याला किराया म्हणतात, आणि वडिलांची अर्धी हयात किरायाच्या घरांत गेली. पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्यामुळे आमच्या मराठीत अजूनही एखादा हिंदी शब्द डोकावतो, तो वाचकांनी सांभाळून घ्यावा. सांगायचे हे की एवढा अनुभव घरात असूनही आम्ही १९९६ साली गोव्यात नोकरीला आलो तेव्हा पहिली चूक हीच केली. शिक्षकाला शोभेल असे घर पाहिजे म्हणून स्वतंत्र दारवाज्याच्या दोन खोल्या आणि पुढे पडवी असे घर घेतले. जूनमध्ये पाऊस लागला, धुतलेले सदरे वाळेनात, दोनाचे चार सदरे घ्यावे लागले. इंदूरला मनीऑर्डर पाठविल्यावर महिन्याच्या वीस तारखेनंतर किराणा दुकानात उधारी सुरू होई. चवथीच्या सणाला ती उधारी एवढी वाढली की आम्ही दुकानासमोरून जाण्याचे टाळून मागच्या वाटेने शाळेत येत असू. दिवाळीनंतर मुकाट्याने एका खोलीत गेलो. म्हणजे अनुभव होता, पण आकडे कागदावर मांडले नव्हते.

"अंथरूण पाहून पाय पसरावे" अशी म्हण आपण सर्वांनी पाठ केली आहे. मात्र अंथरूण मोजायचे कसे, हे ती म्हण सांगत नाही. लोक त्यासाठी तीस टक्क्यांची पट्टी वापरतात. ही पट्टी आली कोठून, हे पाहिले पाहिजे.

अमेरिकेत सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब भाडेकरूंकडून किती भाडे घ्यावे, याला १९६९ मध्ये कायद्याने मर्यादा घातली गेली. एडवर्ड ब्रुक नावाच्या सिनेटरांनी सुचविलेली ती दुरुस्ती होती आणि मर्यादा उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांची होती. पुढे १९८१ मध्ये ती तीस टक्के करण्यात आली. म्हणजे गरिबाकडून सरकारने याहून अधिक घेऊ नये, अशी ती वरची हद्द होती. एवढे भाडे भरले तरी चालते, असे आश्वासन त्यात नव्हते. शिवाय ती अमेरिकेतील सरकारी घरांसाठी होती. समुद्र ओलांडून धारगळला येईपर्यंत हद्दीचा सल्ला झाला!

आता टक्केवारीतील मुख्य खोट पाहा. हातात १८,००० रुपये येणाऱ्या माणसाने तीस टक्के भाडे दिले तर त्याच्याकडे १२,६०० उरतात. हातात ६०,००० येणाऱ्याने तीस टक्के दिले तर ४२,००० उरतात. दोघांनाही गॅसचा सिलिंडर एकाच किमतीला मिळतो. बांगड्याचा वाटा विकणारी बाई पगार विचारून भाव सांगत नाही. तेव्हा एकाच टक्क्याने दोघांना मोजणे म्हणजे पहिलीच्या आणि दहावीच्या मुलाला एकाच मापाचा गणवेष शिवण्यासारखे आहे. बर्लिन शहरातील हेर्मान श्वाबे या सांख्यिकीतज्ज्ञाने १८६८ मध्येच दाखवून दिले होते की उत्पन्न जितके कमी, तितका भाड्याचा वाटा मोठा होतो. गरिबाला उधळपट्टीची हौस असते म्हणून हे होत नाही. डोक्यावर छप्पर एका मर्यादेखाली स्वस्त मिळतच नाही, म्हणून होते.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने मुंबईतील कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली आणि फिंडले शिरस यांचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. गिरण्यांत कोकणातील माणसे मोठ्या संख्येने होती, तेव्हा ही आपल्याच मागच्या पिढ्यांची गोष्ट समजावी. त्या पाहणीत घरभाड्याचा वाटा एकूण खर्चाच्या आठ टक्क्यांच्याही किंचित खाली निघाला. आजच्या पट्टीने किती उत्तम! पण ती कुटुंबे बहुतांशी चाळीतील एकाच खोलीत राहत होती आणि निम्म्याहून अधिक पैसा नुसत्या अन्नावर जात होता. आठ टक्के हा आकडा सुखाचा नव्हता. जागेवर खर्च करायला हातात काही राहतच नव्हते, म्हणून तो लहान होता. सारांश, टक्का कमी म्हणजे भाडे परवडले असेही नाही, आणि टक्का जास्त म्हणजे परवडले नाही असेही नाही.

तर मग मोजायचे कसे? उलटीकडून. आधी भाडे वजा करून उरलेल्यात संसार बसवायचा, ही सर्वांची पद्धत आहे. आम्ही सांगतो, आधी बाकीचे सर्व वजा करावे आणि जे उरेल त्यात घर शोधावे. आमच्या त्या विद्यार्थ्याचा हिशेब आता घेऊ.

पगार वीस हजार, हा नेमणूकपत्रावरील आकडा. त्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १२,०००. त्यावर बारा टक्के भविष्य निर्वाह निधी म्हणजे १,४४०. राज्य विमा योजनेची कपात वीस हजारावर पाऊण टक्का म्हणजे १५०. कँटीनची कपात ४१०. हातात आले १८,०००. म्हणजे त्याने टक्केवारी काढली तीच मुळी चुकीच्या आकड्यावर. तीस टक्केच धरायचे तरी ५,४०० होतात, सहा हजार नव्हे. आमच्याही हे लक्षात आले नाही. नेमणूकपत्र पाहून घर शोधू नये, पहिला पगार बँकेत जमा झाल्यावर पासबुक पाहून शोधावे. जाता जाता हेही सांगतो की पगारपत्रकात 'घरभाडे भत्ता' म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो पाहूनही कोणी फसू नये. खासगी नोकरीत तो पुष्कळदा केवळ हिशेबाच्या सोयीने पाडलेला भाग असतो, त्याचा बाजारातील भाड्याशी संबंध नसतो. केंद्र सरकारनेदेखील सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये हा भत्ता ठरविताना मोठ्या शहरांना मूळ वेतनाच्या २४ टक्के, मध्यम शहरांना १६ आणि लहान गावांना ८ टक्के दिला होता, महागाई वाढेल तसा तो वाढविण्याची तरतूद ठेवून. गाव लहान म्हणून घरमालक भाडे एक-तृतीयांश घेतो असे काही आमच्या पाहण्यात नाही.

आता वजाबाकी. घरी आईला पाठवायचे ४,०००. यात बहिणीची फी आहे, तेव्हा हा आकडा हलवायचा नाही, हे त्याने स्वतःच सांगितले. जेवणखाण ४,५००. दुचाकीचा हप्ता २,६००. मोबाईल ३५०. वीज, पाणी, गॅस मिळून ८००. साबण, तेल, केस कापणे, औषधपाणी, कपडे यांचे सरासरी १,२००. सणाला आणि अडीअडचणीला घरी जाणे, लग्नकार्यातला आहेर, यासाठी महिन्याला ७००. यात चैनीचा एकही रुपया नाही, आणि शिल्लक टाकायलाही काही नाही, हे लक्षात घ्यावे. बेरीज १४,१५०. अठरा हजारांतून गेले, उरले ३,८५०.

एवढ्यातच त्याला घराचे भाडे आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च, दोन्ही भागवायचे होते. आणि तो एकट्या खोलीचे सहा हजार देत होता. दर महिन्याला अडीच हजारांहून अधिक तूट ठरलेलीच. ती कधी नाश्त्यातून, कधी आईच्या पैशातून आणि कधी उसनवारीतून भरली जात होती.

भाडे आणि प्रवास आम्ही एकत्र धरले, याचे कारण सांगितले पाहिजे. त्याला डिचोलीत मामाच्या शेजारी साडेतीन हजारांत खोली मिळत होती. (मामाच्या घरी आता सून आली आहे, तेथे जागा नाही.) स्वस्त खोली सोडून महाग खोली घेतली म्हणून मामा नाराज होते. आपण मोजून पाहू. डिचोलीहून मोपा गाठायचे तर जाऊन-येऊन ६० किलोमीटर धरू. गाडी लिटरला ५० किलोमीटर देते आणि पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये लिटर धरू. रोजचे १२० रुपये, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ३,०००. धारगळहून रोज १० किलोमीटर, म्हणजे महिन्याला ५००. डिचोलीची खोली ३,५०० अधिक ३,०००, एकूण ६,५००. धारगळची खोली ६,००० अधिक ५००, एकूण ६,५००. एक पैशाचा फरक नाही! तीस टक्क्यांच्या नियमाने डिचोलीची खोली उत्तम पास होते आणि धारगळची नापास. प्रत्यक्षात खिशाला दोन्ही सारख्याच, आणि डिचोलीची धरली तर रात्रपाळी करून भर पावसात महामार्गावरून गाडी हाकण्याचा धोका वर. त्या रस्त्यावर आपली मुले रात्री-अपरात्री जातात-येतात, पालकांना आम्ही वेगळे काय सांगावे? कदंब बसचा मासिक पास काढला तर हे गणित बदलते, पण त्यासाठी बसची वेळ आणि पाळीची वेळ जुळावी लागते. खोली ठरविण्याआधी बसच्या वेळा स्वतः थांब्यावर उभे राहून पाहाव्यात, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

मामा चुकले आणि भाचाही चुकला. दोन्ही खोल्या ३,८५० मध्ये बसत नव्हत्या. मग उपाय एकच उरला. त्याच पाळीतील बांद्याकडचा एक मुलगा खोलीच्या शोधात होता. घरमालकांना विचारून त्याला खोलीत घेतले. भाडे निम्मे, ३,०००. पेट्रोल ५००. एकूण ३,५००, आणि हातात ३५० शिल्लक. वीज-गॅसही निम्म्यावर आले, म्हणजे आणखी थोडे. दोघे मिळून भात-आमटी घरी शिजवू लागले. एकट्याने राहण्याची त्याची हौस फिटली नाही, हे खरे. तो म्हणाला, "सर, घर शोधायच्या आधी पार्टनर शोधायला पाहिजे होता." आम्ही म्हणालो, आधी आम्हाला सोडून दुसऱ्या कुणाला तरी विचारायला पाहिजे होते.

एक आकडा अजून राहिला. अनामत. दोन महिन्यांचे भाडे म्हणजे १२,००० त्याने पहिल्याच दिवशी दिले होते, आणि गादी, पंखा, शेगडी यांना वेगळे. अनामत परत मिळते म्हणून लोक तिचा खर्चात विचार करीत नाहीत. परंतु त्याने ती रक्कम उसनी आणली होती आणि महिन्याला दोन हजारप्रमाणे फेडत होता. उसनी आणलेली अनामत फिटेपर्यंत तिचा हप्ता भाड्यातच धरला पाहिजे. म्हणजे पहिले सहा महिने त्याचे खरे भाडे आठ हजार होते.

करार अकरा महिन्यांचा का असतो, असे नववीच्या एका मुलीने विचारले. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. तो खर्च आणि खटाटोप टाळण्यासाठी अकरा महिन्यांची पद्धत पडली. त्यामुळे भाडेकरूने बाराव्या महिन्याचा विचार पहिल्याच महिन्यात करावा. करार नवा करताना दहा टक्के वाढ मागितली तर सहा हजारांचे ६,६०० होतील. पगार तेवढा वाढणार आहे का? विजेचे वेगळे मीटर आहे की घरमालक युनिटमागे आपला दर लावणार? एप्रिल-मे मध्ये विहिरीला पाणी असते की टँकर मागवावा लागतो? हे प्रश्न विचारायला संकोच करू नये. भाडे रोख दिले तर पावती घ्यावी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचा नियमही घरमालकांनी पाळावा, त्यात दोघांचेही हित आहे.

आपल्या पेडण्याच्या किनारपट्टीवर आणखी एक गोष्ट घडते, जी डिचोलीकरांच्या सहसा लक्षात येत नाही. मोरजी, मांद्रे, हरमल या भागांत पावसाळ्यात खोल्या स्वस्त मिळतात, आणि पर्यटनाचा हंगाम तोंडावर आला की "ऑक्टोबरपर्यंत खोली रिकामी करा" असा निरोप येतो. पर्यटकाकडून दिवसाला जे मिळते ते महिन्याच्या भाडेकरूकडून मिळत नाही, तेव्हा घरमालकाचे गणित समजण्यासारखे आहे. पण अशी खोली चार महिन्यांसाठी स्वस्त असते, वर्षासाठी नव्हे. सामान हलविण्याचा टेम्पो, नवी अनामत, बुडालेले दिवस हे सर्व धरून बारा महिन्यांनी भागावे, मग तिचे खरे भाडे कळते.

या खर्चात एक आकडा असा आहे की जो मांडता येत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या सातवीच्या वर्गातील एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आली नाही. चौकशी केली तर कळले की खोली रिकामी करावी लागली, वडिलांना जवळपास तेवढ्या भाड्यात दुसरी मिळाली नाही, आणि कुटुंब दुसऱ्या तालुक्यात गेले. दाखला न्यायलाही कोणी लवकर आले नाही. तिची चित्रकलेची वही आमच्या कपाटात होती, ती फेब्रुवारीत तिचे वडील येऊन घेऊन गेले. वर्षाच्या मध्यात शाळा बदललेल्या मुलाचे काय होते, हे आम्ही शिक्षक पुरेपूर जाणतो.

म्हणून आता थोडे घरमालक पालकांशी बोलायचे आहे. आपल्या शाळेच्या पालकांत भाडेकरू जसे आहेत तसे खोल्या भाड्याने देणारेही पुष्कळ आहेत. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, धारगळला आयुर्वेद संस्थेचे रुग्णालय झाले, आणि पेडण्यात माळ्यावर, पडवीत, अंगणात खोल्या चढू लागल्या. त्यात गैर काहीच नाही. शेतीत भागत नाही तेव्हा घराला हातभार लागतो. पण एक वजाबाकी त्यांनीही करून पाहावी. ६,५०० रुपये भाडे ठेवले आणि वर्षातून दोन महिने खोली रिकामी राहिली तर वर्षाचे ६५,००० होतात. ५,५०० ठेवले आणि तोच भाडेकरू बारा महिने टिकला तर ६६,०००. शिवाय दरवेळी रंगरंगोटी नाही, दलाली नाही, नवा माणूस कसा निघेल ही काळजी नाही. भाडेकरूच्या उरलेल्या पैशांत न बसणारे भाडे घरमालकालाही फार काळ मिळत नाही.

डिचोलीकरांना हे निराळे सांगायला नको. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, आणि पुन्हा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ पासून थांबल्या, तेव्हा ट्रकचालक, मेकॅनिक, बार्जवरचे कामगार यांच्या भरवशावर चालणाऱ्या कितीतरी घरांचे हिशेब एका महिन्यात कोसळले. पगार कायम राहील असे धरून घेतलेले हप्ते आणि भाडी तेव्हा गळ्याशी आली. ज्यांचे उत्पन्न महिन्यागणिक बदलते, जसे टॅक्सीवाले, शॅकमधील कामगार, आणि आमच्याच शाळांतील लेक्चर बेसिसवरील शिक्षक, त्यांनी सर्वांत चांगल्या महिन्याच्या उत्पन्नावर घर कधी घेऊ नये. सरासरीवर घ्यायचे तर चांगल्या महिन्यातील जादा पैसा पावसाळ्यासाठी बाजूला काढावाच लागेल. आपल्या आज्या मे महिन्यात सुकी मासळी, तांदूळ, लाकडे, आमसुले यांचे पुरुमेत भरून ठेवीत असत. भाड्याचेही पुरुमेत भरावे लागते.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक विषय लेखी ठेवला आहे, तो येथेही नमूद करतो. शाळेच्या कार्यालयात एक साधी वही ठेवावी. ज्या पालकांकडे भाड्याची खोली आहे त्यांनी तीत नोंद करावी, आणि शाळेत मूल असलेल्या कुटुंबाला किंवा आपल्या शिक्षकाला खोली देताना कराराची मुदत शालेय वर्षाच्या सुरुवातीपासून धरावी. अकरा महिने म्हणजे जवळपास शालेय वर्षच. मध्येच खोली रिकामी करण्याची वेळ आली नाही तर निदान मुलाचे वर्ष तरी पुरे होईल. भाडे किती असावे यात शाळा पडणार नाही, आणि खोलीची जबाबदारीही शाळेवर राहणार नाही. काही विश्वस्तांनी यावर शंका घेतली आहे की शाळेने हे काम का करावे. शंका रास्त आहे. बैठकीत चर्चा होईल, पालकांनीही आपले मत कार्यालयात कळवावे.

आता विद्यार्थ्यांसाठी अभ्यास. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण वहीत सोडवून पुढील सोमवारी वर्गशिक्षकांकडे द्यावे. एका टॅक्सीचालकाला ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत पेट्रोल व हप्ता जाऊन दरमहा २४,००० रुपये मिळतात आणि जून ते सप्टेंबर दरमहा १४,०००. भाडे सोडून घराचा बाकी सर्व खर्च दरमहा १३,५०० आहे. घरमालक दरमहा ६,००० भाडे मागतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत एकूण किती तूट येईल? ती भरून काढण्यासाठी हंगामात दरमहा किती रुपये बाजूला टाकावे लागतील? आणि फेब्रुवारीत गाडीच्या दुरुस्तीला एकदम १५,००० लागले, तर हे घर त्यांनी ठेवावे की सोडावे, ते कारणासह लिहावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घरी आई-वडिलांशी बोलून लिहिले तरी चालेल.